मांडीवरची फळी

मैत्रिणींनो, पोळपाटाचा उपयोग पोळ्या लाटण्याखेरीज आणखी कशाला होतो, असे मला कुणी दोन वर्षांपूर्वी विचारले असते, तर मी हसले असते. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचा मोठा पोळपाट दोन दिवस बैठकीच्या खोलीत मुक्कामाला होता. आमच्या धाकट्या चिरंजीवांच्या मांडीवर! त्यावर पोळी नव्हती, संगणकाचा माऊस होता. आणि मी आपली स्वयंपाकघरात ओटा स्वच्छ पुसून त्यावरच पोळ्या लाटत होते.

हसू नका हं. त्या पोळपाटापासून सुरू झालेली हकिकत तुम्हांला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्यात घरच्या घरी करता येण्यासारखी एक उपयोगी वस्तू आहे, आणि माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. चूक आधी सांगते.

आमचे बिऱ्हाड साताऱ्याला. हे निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. थोरली लग्न होऊन सासरी गेली, धाकटा पुण्याला नोकरीला. गेल्या वर्षी जून महिन्यात पहिल्याच पावसात त्याची मोटारसायकल घसरली. मागून येणारा ट्रक त्याच्यापासून दोन हातांवर थांबला, हे आम्हांला नंतर कळले. उजव्या पायाची नडगी मोडली होती. ऑपरेशन झाले, हाडात सळई बसवली आणि डॉक्टरांनी बजावले, "सहा आठवडे या पायावर अजिबात भार टाकायचा नाही. बसतानाही पाय उंच ठेवायचा." आम्ही त्याला घरी घेऊन आलो.

त्याची खोली माडीवर. कुबड्या घेऊन जिना चढणे शक्यच नव्हते. म्हणून बैठकीच्या खोलीतल्या दिवाणाचा पलंग झाला. दिवाण अशा रीतीने लावला, की पाठ भिंतीला टेकावी आणि पाय टीव्हीच्या दिशेने पसरावेत. नडगीखाली दोन उशा. मित्राने पुण्याच्या खोलीवरचा त्याचा संगणक आणून दिला, तो टीव्हीच्या कपाटात ठेवून एका वायरीने टीव्हीला जोडला. म्हणजे आता आमच्या टीव्हीवर माझ्या मालिका, ह्यांच्या नऊच्या बातम्या आणि चिरंजीवांचे खेळ अशी तीन खाती झाली!

होय, खेळच. रोज रात्री साडेआठ वाजले की कानाला तो मोठा हेडफोन लावायचा आणि चौघे मित्र चार गावांहून एकत्र खेळायचे. एक पुण्याला, एक नागपूरला, एक तर जर्मनीत. पडद्यावर धावपळ, गोळीबार, धूर. हे चिडायचे. "पंचविशी गाठली तरी पोरखेळ सुटला नाही," असे भिंतीकडे बघून पण त्याला ऐकू जाईल असे म्हणायचे. मीही मनातून ह्यांच्याच बाजूची होते. दिवसभर हा आमच्याशी धड चार वाक्ये बोलत नव्हता. 'हो', 'नको', 'ठेव तिथे' एवढेच. आणि रात्री मात्र त्या हेडफोनमध्ये बोलताना तोंडाला खळ नाही! सांगा, कोणत्या आईला राग येणार नाही?

तर एका रात्री मी त्याला जेवायला तीनदा हाक मारली. "पाच मिनिटं, आई." पाचाची पंधरा झाली, आमटी निवली, आणि माझे डोके फिरले. मी तरातरा गेले आणि भिंतीवरचे बटण बंद केले. पडदा काळा झाला. त्याने माझ्याकडे नुसते पाहिले. ओरडला नाही, भांडला नाही. हेडफोन काढून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. जेवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने संगणक लावलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. 'बरे झाले, खोड मोडली' असे हे म्हणाले. मला मात्र ते घरभर पसरलेले गप्प बसणे सोसेना. आणि त्या संध्याकाळी माझ्या फोनवर त्याच्या नागपूरच्या मित्राचा फोन आला. "काकू, त्याची तब्येत बरी आहे ना? दोन दिवस झाले, तो आलाच नाही."

'आला नाही' हा शब्द माझ्या मनाला लागला. मैत्रिणींनो, माझा मुलगा तर दिवाणावरून उठूही शकत नव्हता. पण त्या पोरांच्या लेखी तो रोज त्यांच्याकडे येत होता! मला एकदम आठवले, लहानपणी भोंडल्याचा फेर ऐन रंगात असताना आजीने मला दंडाला धरून घरी ओढत नेले होते. कारण काय, तर दूध आणायचे राहिले होते. दुधाचे मी कधीच विसरले, पण मैत्रिणींच्या समोरून ओढत नेल्याचे आज पन्नाशी ओलांडली तरी विसरले नाही. मी त्या बटणाने तेच केले होते. शिवाय मला नंतर कळले, की चौघांच्या डावातून एकजण मधेच गेला की उरलेले तिघेही हरतात.

'माझं चुकलं' असे मुलाला तोंडाने म्हणणे आपल्याला जड जाते. मी दुसरा रस्ता धरला. त्याच्यापाशी जाऊन बसले आणि विचारले, "खेळताना तुला नीट बसता येतं का रे? परवा बघितलं, तर मान अगदी वाकडी होती."

तो आधी संशयाने बघत राहिला. मग म्हणाला, "नाही येत. कीबोर्ड मांडीवरून घसरतो, आणि माऊस गादीवर चालत नाही. हात खाली वाकवून वाकवून खांदा दुखतो."

"मग ते दोन हातांत धरायचं खेळणं असतं ना, ते का घेत नाहीस?"

"कंट्रोलर? तो काही खेळांना ठीक आहे, आई. पण त्यात अंगठ्याने दांडी ढकलायची आणि निशाण हळूहळू सरकत तिथं पोचायचं. माऊसने हात जिथं जाईल तिथं निशाण लगेच जातं." मग क्षणभर थांबून म्हणाला, "तू रांगोळीचा ठिपका कसा थेट हव्या त्या जागी टाकतेस, तसं."

चार दिवसांत तो माझ्याशी बोललेले ते सगळ्यांत लांब वाक्य!

मग आमचे प्रयोग सुरू झाले. पहिला अर्थात पोळपाट. माऊस त्यावर झकास चालला, पण पोळपाट पडला गोल, कीबोर्डला जागाच नाही, आणि खालचे पाय मांडीत रुतायला लागले. मग चहाचा मोठा स्टीलचा ट्रे आणला. त्यावर दोन्ही वस्तू मावल्या, पण पडद्यावरचा बाण भूत लागल्यासारखा उड्या मारू लागला. चिरंजीवांनी कारण सांगितले. माऊसच्या पोटात बारीक दिवा आणि इवलासा कॅमेरा असतो, तो खालच्या पृष्ठभागाचे भराभर फोटो घेऊन हात किती हलला ते ओळखतो. आरशासारख्या गुळगुळीत स्टीलवर किंवा काचेवर त्याला ओळखीची खूणच सापडत नाही. त्यानंतर देवघरातला जुना पाट काढला, तर तो इतका जड, की डॉक्टरांना कळते तर त्यांनी मलाच दाखल करून घेतले असते. शेवटी मी म्हटले, आता सुतारालाच गाठावे.

अशा मांडीवरच्या फळ्या बाजारात तयारही मिळतात. 'लॅप डेस्क' म्हणून विचारावे. पण बहुतेक लॅपटॉप ठेवण्यापुरत्या रुंद असतात, माऊसला जागा अपुरी पडते. तुम्हांला घरी करून घ्यायची असेल, तर आमची मापे लिहून ठेवा.

साधा पूर्ण कीबोर्ड सुमारे १८ इंच लांब असतो. माऊसला उजवीकडे निदान १० इंच मोकळे हवेत. म्हणजे फळी २८ इंच लांब आणि १२ इंच रुंद. ज्या कीबोर्डला उजवीकडचे आकड्यांचे खण नसतात तो १४ इंचांच्या आसपास असतो, त्याला २४ इंचांची फळी पुरते. प्लायवूड ६ मिलीमीटर जाडीचे घेतले तर फळी किलोच्या आतच राहते. वरून चकचकीत सनमायका लावू नका, मॅट घ्या. उजव्या कडेला आणि खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढी पट्टी मारून घ्या, नाहीतर माऊस दर पाच मिनिटांनी खाली उडी घेतो. आमच्या सुतारमामांनी खालची पट्टी आधी धारदार ठेवली होती, ती मनगटाला काचायला लागली. ती गोल घासून घ्यायला सांगा. कीबोर्ड सरकू नये म्हणून मी स्वयंपाकघराच्या खणात अंथरतो ना, त्या जाळीदार रबरी मॅटचा तुकडा खाली घातला. माऊसखाली साधे कापडी पॅड चिकटवले. आधी मी हौसेने सोलापुरी चादरीचा तुकडा लावला होता, पण तिच्या विणीवर माऊस अडखळत होता.

आता खालची उशी. माझ्या मनात आले, तान्ह्या बाळाला आपण राईची उशी करतो, ती डोक्याच्या आकाराप्रमाणे छान बसते, तशीच करावी. ह्याच्या बाळपणीची उशी मी अजून जपून ठेवलेली, ती काढूनही पाहिली. पण एवढ्या मोठ्या फळीला राई भरायची, तर कितीतरी किलो लागेल, आणि मोडक्या पायावर तेवढे ओझे कसे ठेवायचे? म्हणून बीनबॅगमध्ये भरतात त्या थर्मोकोलच्या गोळ्या आणल्या. जुन्या सुती साडीची पिशवी शिवली आणि गोधडीला घालतो तशी मधोमध शिवण घालून तिचे दोन कप्पे केले, म्हणजे सगळ्या गोळ्या एका बाजूला पळत नाहीत. कप्पे तीन चतुर्थांशच भरावे. गच्च भरले तर उशी मांडीवर बसत नाही, डुगडुगते. वरून अभ्रा, धुता येईल असा.

उशीची जाडी दीड-दोन इंचांपेक्षा जास्त नको, हे मला चुकूनच समजले. पहिली उशी मी चांगली चार इंच फुगीर केली होती. दोन दिवसांनी पाहते, तर पोराचे दोन्ही खांदे कानाशी! फळी उंच झाली की कोपरे वर जातात आणि खांदे आखडतात. कोपर अंगाशी सैल, साधारण काटकोनात, मनगट सरळ रेषेत, अशी बैठक हवी. मऊ सोफ्यावर बसणारे आत रुततात, त्यांनी कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी. आम्ही पाठीशी लोड दिला.

ज्यांची मुले लॅपटॉप सरळ मांडीवर घेऊन बसतात, त्यांनी हे जरूर वाचावे. लॅपटॉपचा तळ तापतो. रोज तासन्‌तास त्याची धग लागली, तर कातडीवर जाळीसारखे काळसर डाग पडतात. शेगडीशी बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या पायांवर पूर्वी असे डाग दिसत. २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अशाच एका बारा वर्षांच्या मुलाची हकिकत बालरोगांच्या वैद्यकीय मासिकात छापली होती. तो काही महिने रोज लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळत असे. मध्ये फळी असली की ही भानगड टळते. मात्र लॅपटॉप उशीवर किंवा गादीवर ठेवू नका, त्याची हवा खेळण्याची भोके बुजतात.

बिनतारी कीबोर्ड-माऊस घेतला, कारण कुबड्या घेऊन चालणाऱ्याच्या वाटेत वायर म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनची तयारी! पण बाण मधूनच अडखळायचा. त्याचे कारण सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. माऊसचा इवलासा रिसीव्हर संगणकाच्या पाठीमागे, कपाटात बसवला होता, आणि शेजारीच जलद यूएसबीच्या जागी हार्डडिस्क लावलेली. तिचा माऊसच्या लहरींना अडथळा होतो म्हणे. एक लांब यूएसबी वायर घेऊन रिसीव्हर कपाटाबाहेर, दिवाणाच्या दिशेने काढला आणि दुखणे गेले. तसेच टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावावा. एरवी टीव्ही चित्र सुंदर करून दाखवण्यात थोडा वेळ घालवतो आणि हाताच्या मागून बाण हलतो. अक्षरेही दीडपट मोठी करून घ्यावी, म्हणजे डोळे बारीक करावे लागत नाहीत.

फळी तयार होऊन आली त्या दिवशी चिरंजीवांनी ती मांडीवर घेतली, हात फिरवला आणि म्हणाले, "आई, जगातला पहिला माऊससुद्धा लाकडाचाच होता, माहीत आहे?" १९६४ च्या सुमाराला अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट नावाच्या संशोधकाच्या कल्पनेवरून तो बनवला. लाकडाचा ठोकळा आणि खाली दोन चाके. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी माऊस भर सभेत चालवून दाखवला. मी म्हटले, "म्हणजे त्यांनाही सुतार लागलाच की!" त्यावर तो हसला. अपघातानंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिले.

एक अट मात्र मी घातली. डॉक्टरांनी सांगितले होते, की एकाच जागी तासन्‌तास बसल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून पायाची बोटे आणि घोटा वरचेवर हलवत राहायचा. शिवाय डोळ्यांचा एक नियम आहे. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचे. आमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, दिवस असला की तिकडे बघ म्हटले. रात्री गल्लीच्या टोकाचा दिवा. घड्याळाचा गजर तो बंद करील हे मला ठाऊक होते. मी रात्रीची आमटी-भाताची वेळच त्याच्या खेळाच्या वेळेला बांधली. कुकरची शिट्टी झाली की घोटा फिरवायचा! त्याच्या हेडफोनमधून ती मित्रांनाही ऐकू जायची. जर्मनीतला तो पोरगा म्हणायचा, "काकूंची शिट्टी झाली रे, सगळ्यांनी पाय हलवा."

आता जे सांगणार आहे ते सांगावे की नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. पण ते वगळले तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

फळी आल्यापासून मी रात्री त्याच्या मागे खुर्ची टाकून काहीबाही करत बसू लागले. एका रात्री लसूण सोलत होते. डाव नुकताच संपला असावा, पडदा शांत होता. तो हळू आवाजात बोलत होता. मी मागे आहे हे तो विसरला होता. "झोप नाही रे येत. डोळे मिटले की ट्रकचे दिवे दिसतात. गाडीवर बसायचं सोड, रस्त्यावरून हॉर्न ऐकला तरी छातीत धडधडतं. घरी नाही सांगितलं. आईबाबा आधीच एवढं करतायत."

माझ्या हातातला लसूण हातातच राहिला. मी आवाज न करता उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. पहिल्यांदा वाईट वाटले ते हे, की मला का नाही सांगितले? नऊ महिने पोटात वाढवले, दिवसरात्र उशाशी आहे, आणि दुःख सांगायचे ते नागपूरच्या पोराला! खरे सांगते, त्या रात्री मला त्या मित्रांचा हेवा वाटला.

सकाळी मेथी निवडताना माझ्या मनात आले, आपण बायका तरी मनातले कधी बोलतो? समोरासमोर बसून, 'हं, सांग आता तुझं दुःख' असे कुणी म्हटले तर आपण 'काही नाही, बरी आहे' असेच म्हणू. पण भाजी निवडताना, पापड लाटताना, शेंगा सोलताना? हात कामात असतात, नजर सुपात असते, आणि मनातले आपोआप बाहेर येते. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या गेलेल्या पहिल्या बाळाची गोष्ट मला गहू निवडतानाच सांगितली होती. आमच्या पोरांच्या वाट्याला सूप आलेले नाही. त्यांचे हात त्या फळीवर गुंतलेले असतात. आणि मी तीच बंद करायला निघाले होते!

त्या दिवशी दुपारी मी त्याला म्हटले, "मलाही शिकव की एखादा. गोळीबाराचा नको."

त्याने 'एज ऑफ एम्पायर्स २' नावाचा खेळ लावून दिला. १९९९ चा जुना खेळ आहे, अजूनही लोक खेळतात. एक गाव वसवायचे. गावकऱ्यांना शेळ्यामेंढ्या, फळे, लाकूड, सोने, दगड आणायला पाठवायचे. घरे बांधल्याशिवाय माणसे वाढत नाहीत. हे सगळे माऊसने. चार गावकऱ्यांभोवती चौकट ओढायची आणि झाडावर टिचकी मारायची, की निघाले चौघे लाकूड तोडायला! फळी माझ्या मांडीवर, तो शेजारी. माझे गाव धान्याने भरलेले आणि सैन्य शून्य. पहिल्या हल्ल्यातच धुळीला मिळाले. तो पोट धरून हसला.

आठवडाभर आम्ही दुपारचे असे बसत होतो. मी काही विचारले नाही. आणि एका दुपारी, मी लाकूडतोडे कामाला लावत असताना, तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "आई, त्या ट्रकवाल्याने ब्रेक लावला नसता तर..." मी बाण हलवत राहिले. नजर वळवली असती तर तो थांबला असता. त्याने सगळे सांगितले. पाऊण तास सांगत होता. त्या दिवशी माझे गाव उपाशी मेले, पण त्याची फिकीर कोणाला!

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांच्या कानावर घातले. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचे नाव दिले. ह्यांना हे आधी पटेना. "पाय मोडलाय, डोकं नाही," म्हणाले. मी एवढेच म्हटले, "अहो, पायात सळई घातली तेव्हा नाही का आपण दुसऱ्याचं ऐकलं?" सहा वेळा तो जाऊन आला. हळूहळू झोप लागायला लागली. ज्यांच्या गावात असा डॉक्टर नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते.

खेळाच्या व्यसनाची ह्यांना वाटणारी भीतीही मी त्याच डॉक्टरांना विचारून घेतली. ती सर्वस्वी खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तीत हा विकार आहे. पण त्याची लक्षणे ठरलेली आहेत. खेळावर ताबा राहत नाही, बाकीचे सगळे त्याच्यापुढे मागे पडते, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि असे साधारण वर्षभर चालते. पाय मोडलेला मुलगा रात्री दोन तास मित्रांबरोबर खेळला म्हणून तो व्यसनी होत नाही. तुमच्या घरात मात्र वर सांगितले तसे दिसत असेल, तर बटण बंद करून भागणार नाही, डॉक्टरांकडेच जावे. आणि ज्या खेळात पैसे लावायचे असतात त्याच्या वाटेला कुणालाच जाऊ देऊ नये. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर तर २०२५ साली कायद्यानेच बंदी आणली आहे.

हे कसे बदलले विचाराल, तर बदलले असे म्हणवत नाही. पण एके रात्री नऊच्या बातम्या लावायला म्हणून आले आणि उभ्याउभ्याच पडद्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, डाव्या बाजूच्या भिंतीमागे कोणीतरी आहे. दिसत नाही का तुला?" खरोखरच तिथे होता कुणीतरी! चिरंजीवांनी त्याला टिपले आणि हेडफोनमध्ये सांगितले, "बाबांनी दाखवला." त्या दिवसापासून बातम्या साडेनऊला सुरू होऊ लागल्या. बापलेकांचे मोठेसे बोलणे अजूनही होत नाही, पण एकमेकांच्या शेजारी बसणे होते.

दिवाळीनंतर तो पुण्याला परत गेला. आता काठीशिवाय चालतो. मोटारसायकल विकली, बसने जातो. निघताना फळी बरोबर नेईल असे मला वाटले होते, पण म्हणाला, "राहू दे इथंच. आलो की लागेल. आणि तुझं गाव अर्धं राहिलंय."

मी अधूनमधून दुपारी ती मांडीवर घेते, कधी गावासाठी, कधी हिशेबाच्या वहीसाठी. परवा पलीकडच्या आळीतल्या वहिनी विचारायला आल्या होत्या. त्यांच्या यजमानांचे गुडघ्याचे ऑपरेशन आहे आणि त्यांना संगणकावर बुद्धिबळ खेळायचा नाद आहे. मी त्यांना मापे लिहून दिली आणि उशी शिवून द्यायचे कबूल केले. तुमच्याकडेही कुणी असे दिवाणाला खिळले असेल, तर फळी करून द्या. आणि ती दिल्यावर लगेच उठून जाऊ नका हं. लसूण घ्या, मेथी घ्या, काहीही घ्या, आणि जवळ बसा.

पोळपाट माझा परत मिळाला. नीट धुऊन घेतला, पण कडेला माऊसपॅडच्या गोंदाचा एक डाग राहिलाच आहे. तो काही मी घासून काढणार नाही.